विचारायचे कोणाला? शासकीय नीतिमत्तेच्या वकिलाचे काम आणि आपली ग्रामपंचायत

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘हिंडेनबर्ग’ या अमेरिकी संस्थेने शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’च्या तत्कालीन अध्यक्ष माधबी पुरी बुच यांच्यावर परस्परविरोधी हितसंबंधांचे आरोप केले. बुच यांनी ते फेटाळले आणि मे २०२५ मध्ये लोकपालांनी त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी निकाली काढल्या. वर्तमानपत्रांतून हा विषय तिथेच मागे पडला. मात्र ‘सेबी’ने दरम्यानच्या काळात नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेली एक शिफारस लक्ष देण्याजोगी आहे. संस्थेत नीतिमत्ता आणि नियमपालन यांसाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे या समितीने सुचवले. क्रिकेट रसिकांना असेच एक पद २०१९ पासून माहीत आहे. राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे प्रमुखपद आणि एका सिमेंट कंपनीतील पद या दोन्हींशी राहुल द्रविड यांचा संबंध असल्याची तक्रार झाली, तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाच्या नीतिमत्ता अधिकाऱ्यांनी सुनावणी घेतली आणि त्यांना दोषमुक्त केले.

नीतिमत्ता ही घरात आणि शाळेत शिकायची गोष्ट आहे, मग तिच्यासाठी कार्यालय कशाला आणि वकील कशाला, असा प्रश्न बीड-जालन्यापासून लातूर-नांदेडपर्यंत कोणत्याही वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. काही देशांत हा पूर्ण वेळेचा पेशा आहे. शासकीय नीतिमत्तेचा वकील सरकारी कार्यालयात बसतो, मंत्र्यापासून कारकुनापर्यंत सर्वांना ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असे लेखी सांगतो आणि त्यातच त्याची सारी कारकीर्द जाते. नियम मोडल्यावर कारवाई करणाऱ्या यंत्रणा आपल्याकडे पुष्कळ आहेत. नियम मोडण्यापूर्वी विचारावे असा माणूस मात्र कुठेही नेमलेला नाही, आणि मराठवाड्यातील अनेक सरपंचांचे पद याच उणिवेपायी जाते, असे माझे मत आहे. ते मत का आहे, हे या लेखात क्रमाने मांडतो.

अडचण नेमकी कुठे असते?

मोंढ्यात शेतकऱ्याच्या सोयाबीनचे माप मापाडी करतो. समजा, तो मापाडी माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा सख्खा भाऊ आहे. काटा बिनचूक असेल, मापाडी सज्जन असेल, तरीही पावती हातात घेताना शेतकऱ्याच्या मनात शंका राहतेच, आणि ती शंका खोटी ठरवण्याचे कोणतेही साधन त्या सज्जन मापाड्याकडे नसते. उपाय साधा आहे. भावाचा माल असेल त्या वेळी त्याने दुसऱ्या काट्यावर जावे आणि इथले माप दुसऱ्या मापाड्याने करावे. यात मापाड्याचा अपमान होत नाही, कोणी त्याला चोरही ठरवत नाही.

ज्याच्या हातात सरकारी निर्णय आहे, त्याचाच पैसा, नाते किंवा पुढची नोकरी त्या निर्णयाच्या निकालात गुंतलेली असणे, याला परस्परविरोधी हितसंबंध म्हणतात. पुढे या लेखात त्याला नुसते ‘हितसंबंध’ म्हटले आहे. लाच आणि हितसंबंध या दोन गोष्टी बहुतेक लोक एकच समजतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. लाचेत देवाणघेवाण झालेली असते, म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावून, पावडर लावलेल्या नोटा पंचांसमक्ष जप्त करून ती सिद्ध करू शकतो. हितसंबंधात कोणी कोणाला काहीच दिलेले नसते. माणूस ज्या जागी बसला आहे ती जागा आणि त्याचे घर यांचा एका फाइलवर मेळ पडलेला असतो, एवढेच. त्यामुळे हितसंबंध सापळ्यात सापडत नाही. तो वेळेवर सांगावा लागतो, आणि सांगण्यासाठी समोर कोणीतरी ऐकणारा असावा लागतो.

हा पेशा उभा कसा राहिला?

अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि सरकारी माणसांच्या वागण्यावरचा लोकांचा विश्वास पार उडाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ मध्ये, तिथे शासकीय नीतिमत्तेचा कायदा झाला आणि त्यातून शासकीय नीतिमत्ता कार्यालय जन्माला आले. सुरुवातीला ते कर्मचारीविषयक खात्याचा भाग होते. १९८९ पासून ते स्वतंत्र झाले. त्याच्या संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, तिला सिनेटची संमती लागते आणि मुदत पाच वर्षांची असते. हे मध्यवर्ती कार्यालय अगदी लहान आहे. खरे काम प्रत्येक सरकारी विभागात नेमलेला नीतिमत्ता अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे वकील करतात.

त्यांच्या कामाचा कणा म्हणजे १९६२ मध्ये फौजदारी कायद्यात आणलेले एक कलम. सरकारी अधिकाऱ्याचा स्वतःचा, त्याच्या पतीचा किंवा पत्नीचा, अल्पवयीन मुलाचा, भागीदाराचा किंवा ज्या संस्थेशी तो पुढच्या नोकरीची बोलणी करत आहे तिचा आर्थिक स्वार्थ ज्या प्रकरणात गुंतला असेल, त्या प्रकरणात त्याने भाग घेणे हा या कलमानुसार गुन्हा आहे. त्याने एक पैसा खाल्ला नसला तरी गुन्हा आहे, आणि निर्णय सरकारच्या फायद्याचा झाला असला तरीही गुन्हाच आहे. डार्लीन ड्रुयन या अमेरिकी हवाई दलातील खरेदी विभागाच्या बड्या अधिकारी. हवेत इंधन भरणाऱ्या विमानांच्या मोठ्या व्यवहारावर सरकारच्या वतीने बोईंग कंपनीशी वाटाघाटी करत असतानाच त्या तिथल्या नोकरीविषयीही बोलत होत्या. २००४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. नोकरीची पहिली बोलणी होण्याआधी त्यांनी विभागातील नीतिमत्तेच्या वकिलाला विचारून ती फाइल दुसऱ्याकडे सोपवली असती, तर हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच नसते.

वकिलाच्या टेबलावर रोज काय येते?

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम रुक्ष वाटेल. नव्याने नेमल्या जाणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे मालमत्तेचे विवरणपत्र समोर येते. त्यात कोणत्या कंपनीचे किती शेअर आहेत, पत्नी कुठे नोकरी करते, कोणत्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर नाव आहे, हे सगळे ओळीने वाचायचे आणि त्या माणसाला मिळणाऱ्या खुर्चीच्या कामाशी ताडून पाहायचे. औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यात जाणाऱ्याकडे औषध कंपनीचे शेअर असतील, तर वकिलापुढे मोजके मार्ग असतात. त्या कंपनीच्या फाइलींपासून दूर राहण्याचे लेखी बंधन तो त्या अधिकाऱ्यावर घालतो, किंवा शेअर विकायला लावतो, किंवा हिस्सा इतका किरकोळ असेल की त्याने निर्णय ढळणार नाही, तर कायद्याने दिलेली सूट लागू करतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीच्या बाबतीत, विशिष्ट पक्षकार असलेल्या प्रकरणांसाठी, ही सूट १५ हजार डॉलरपर्यंत आहे. सरकारच्या सांगण्यावरून शेअर विकावे लागले, तर त्यावरचा कर पुढे ढकलण्याची तरतूदही १९८९ पासून आहे. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण प्रामाणिकपणे वागू पाहणाऱ्याला त्या वागण्याचा भुर्दंड पडू नये, याचा विचार ती करते.

मग भेटवस्तूंचे प्रश्न येतात. एका प्रसंगी २० डॉलरपर्यंत आणि एकाच व्यक्तीकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंतची भेट चालते. रोख रक्कम चालत नाही. ‘ठेकेदाराने परिषदेत जेवण दिले, खाऊ का?’ इथपासून ‘निवृत्तीनंतर याच कंपनीत सल्लागार झालो तर कोणत्या फाइलीसाठी पुन्हा खात्यात येऊ शकणार नाही?’ इथपर्यंत सर्व काही विचारले जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कठोर आहे. ज्या ठरावीक करारावर किंवा खटल्यावर अधिकाऱ्याने स्वतः ठोस काम केले, त्या प्रकरणात दुसऱ्या पक्षाच्या वतीने सरकारसमोर उभे राहण्याची मनाई त्याला आयुष्यभर असते.

या पेशाचे खरे मर्म मात्र दोन तरतुदींमध्ये आहे. पहिली अशी की, कर्मचाऱ्याने सर्व वस्तुस्थिती न लपवता नीतिमत्ता अधिकाऱ्यापुढे ठेवली आणि मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे वागला, तर पुढे तो सल्ला चुकीचा ठरला तरी वर्तणूक नियमांखाली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. फौजदारी कायद्यापासून असे पूर्ण संरक्षण मिळत नाही, तरी सल्ल्यावर विसंबून केलेली कृती खटला भरायचा की नाही हे ठरवताना विचारात घेतली जाते. दुसरी तरतूद याच्या उलट बाजूची आहे. कर्मचारी या वकिलाला जे सांगतो, ते वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय बोलणे मानले जात नाही. वकील सरकारचा असतो, समोर बसलेल्या साहेबाचा नसतो. बोलण्यातून गुन्हा उघड झाला, तर तो वर कळवणे हे त्याचे कर्तव्य असते. एकाच माणसाने विश्वासाने सल्लाही द्यायचा आणि वेळ आली तर त्याच साहेबाविरुद्ध टिपणही लिहायचे, हा ताण या कारकिर्दीत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत असतो. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणाऱ्या या माणसाची बढती बहुधा त्याच वरिष्ठाच्या हातात असते, हेही विसरून चालणार नाही.

‘म्हणजे कायदेशीर पळवाट दाखवणारा वकीलच ना?’

हा आक्षेप रास्त आहे, कारण कायद्याच्या कडेकडेने कसे चालावे हे सांगणारे वकील सर्वत्र असतात. फरक ओळखायला दोन खुणा पुरतात. पळवाट दाखवणाऱ्या वकिलाला फी अधिकारी देतो आणि त्याचा सल्ला कपाटात राहतो. नीतिमत्तेच्या वकिलाला पगार जनता देते आणि त्याने लिहिलेले पत्र कार्यालयाच्या नोंदीत जाते. अमेरिकेत वरिष्ठ अधिकाऱ्यांची विवरणपत्रे आणि नेमणुकीपूर्वी त्यांनी लिहून दिलेली हमीपत्रे नागरिकांना पाहता येतात. त्यामुळे वकिलाने सैल सल्ला दिला, तर त्याचीही झाडाझडती होते. जिथे ही नोंद आणि हा खुलेपणा नाही, तिथे कितीही गोड नाव दिले तरी ते पद पळवाटेचेच होईल, हे मी मान्य करतो.

आपल्याकडे नियमच नाहीत का?

नियम भरपूर आहेत. महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे, आणि लोकायुक्तांचा पहिला कायदा तर १९७१ चा. लोकायुक्तांचे कार्यालय प्रत्यक्ष सुरू करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. कर्मचारी दरवर्षी मत्ता व दायित्वांचे विवरणपत्र देतात. पण ते विवरणपत्र वाचून ‘तुमच्या मेहुण्याची ही संस्था आहे, तेव्हा अमुक फाइल तुमच्याकडे येऊ नये’ असे आधीच लिहून कळवण्यासाठी तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत कोणी स्वतंत्रपणे नेमलेले नसते. विवरणपत्र उघडते ते बहुधा चौकशी लागल्यावर.

मराठवाड्यालाही हा विषय नवा नाही. निलंग्याचे शिवाजीराव पाटील-निलंगेकर मुख्यमंत्री असताना, मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि १९८६ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला. राज्याचा प्रमुख आणि परीक्षार्थीचा बाप या दोन भूमिका एका घरात आल्या, तर कोणत्या फाइलीपासून किती दूर राहावे, हे सांगणारी व्यवस्था तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

सर्वांत जास्त माणसे या कात्रीत सापडतात ती ग्रामपंचायतीत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधील एका खंडानुसार, पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा वा हितसंबंध आहे, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. अपात्रतेचा प्रश्न जिल्हाधिकारी ठरवतात, त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील होते आणि तिथून प्रकरण रिट याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात येते. तक्रारदार बहुतेक वेळा निवडणुकीत हरलेल्या गटाचा असतो. पाच वर्षांच्या मुदतीतील मोठा काळ तारखांमध्ये जातो आणि गावाचे काम थांबते.

एक उदाहरण घेऊ, ते कल्पित आहे. जालना जिल्ह्यातील एका गावात महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाई आहेत. वित्त आयोगाच्या निधीतून गावात नाली करायची आहे. बाईंचे पती आधीपासून लहानमोठी बांधकामे घेतात, दर कमी लावतात, आणि गावात दुसरा कोणी एवढ्या लहान कामाला तयार नाही. काम चांगले होते. बिल काढताना मात्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात, म्हणजे पतीच्या बिलावर पत्नीची स्वाक्षरी होते. सहा महिन्यांनी विरोधी गट अर्ज करतो. बाईंना आयुष्यात प्रथमच जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस येते, आणि त्या तालुक्याच्या वकिलाकडे जाऊन म्हणतात, “वकीलसाहेब, नाली तर पक्की झाली, पैशाचा एक रुपया इकडचा तिकडं नाही. मग माझं चुकलं कुठं?” वकीलसाहेबांकडे या प्रश्नाचे उत्तर असते, पण तोवर बचावापलीकडे करण्यासारखे फारसे उरलेले नसते. हाच प्रश्न ठराव घेण्याच्या आदल्या दिवशी विचारला गेला असता, तर एका वाक्याच्या उत्तराने बाईंचे पद वाचले असते. ते वाक्य सांगण्याची जबाबदारी आज कोणावरही नाही. ग्रामपंचायत अधिकारी सांगू शकतो, पण त्यालाच पुढच्या पाच वर्षांत सरपंचांबरोबर काम करायचे असते. गटविकास अधिकाऱ्याला विचारावे, तर तोंडी उत्तर मिळते आणि तोंडी उत्तराला जिल्हाधिकाऱ्यांपुढे किंमत नसते.

‘गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक, मग काम द्यायचे कोणाला?’

या आक्षेपात तथ्य आहे, आणि न्यायालयांनीही ते ओळखले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये विदर्भातील एका नगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले की, सदस्याचा मुलगा पालिकेत नोकरीला आहे एवढ्यावरून सदस्याचा त्या नोकरीत हितसंबंध आहे असे गृहीत धरता येत नाही. नुसते नाते पुरेसे नाही. नात्यापलीकडे काही स्वार्थ आहे हे दाखवावे लागते. दुसऱ्या टोकाला २०१२ चा गोव्याचा निकाल आहे. तिथे पंचायतीची सदस्य असलेल्या महिलेचे पती पंचायतीचे काम घेत होते. गोव्याच्या दिवाणी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्यामुळे पतीच्या करारात पत्नीचा वाटा येतो, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिला अपात्र ठरवले. महाराष्ट्रात सामाईक मालमत्तेचा असा कायदा नाही. त्यामुळे इथे पैसा कोणाच्या खात्यात गेला, स्वाक्षरी कोणाची होती, घराचा खर्च आणि धंदा एक होता का, अशा पुराव्यांवर प्रत्येक प्रकरण वेगळे ठरते.

ज्या विषयात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एवढा काथ्याकूट करावा लागतो, तो विषय सातवी-दहावी शिकलेल्या सरपंचाने स्वतःच समजून घ्यावा आणि चुकल्यास पद गमवावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

माघार घ्यायची म्हणजे किती घ्यायची, हेही लोकांना ठाऊक नसते. सभेत तो विषय आला की दोन मिनिटे बाहेर जाऊन उभे राहिले म्हणजे झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. याचे उत्तर १९६९ च्या ए. के. क्रैपक खटल्यात आहे. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक सदस्य होते आणि तेच उमेदवारही होते. स्वतःच्या नावाचा विचार होताना ते उठून बाहेर गेले. पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार होताना आणि अंतिम यादी करताना ते मंडळावर बसलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती निवडच रद्द केली. ग्रामपंचायतीला याचा अर्थ असा की, ठरावाच्या वेळी सरपंच बाहेर गेले, पण अंदाजपत्रक, मोजमाप आणि बिल या टप्प्यांवर तेच हजर असतील, तर ती माघार अपुरी आहे. आणि ग्रामपंचायत कायद्यातील अपात्रतेपुरते बोलायचे, तर सदस्याचा स्वतःचाच करारात हिस्सा असेल, तेव्हा बाहेर जाऊन काहीच साधत नाही. तिथे करार सोडावा लागतो किंवा पद.

दिराचा टँकर, चुलत्याचा ट्रॅक्टर, मेव्हण्याचे सिमेंटचे दुकान असे प्रश्न दर उन्हाळ्यात उभे राहतात. त्यांत सरसकट ‘नातेवाईक नको’ म्हणणे चुकीचे आहे आणि सरसकट ‘चालते’ म्हणणे धोक्याचे आहे. घर आणि धंदा विभक्त आहे का, दरपत्रके उघडपणे मागवली का, नाते ठरावात लिहिले का, हे विचारून ज्याचे त्याचे उत्तर द्यावे लागते. नीतिमत्तेचा वकील दिवसभर हेच करतो.

‘ज्या अमेरिकेत हे सुरू झाले, तिथे तरी काय थांबले?’

हा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या फौजदारी कलमाचा वर उल्लेख केला, ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना आणि उपराष्ट्राध्यक्षांना लागूच होत नाही. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या उद्योगांचा कारभार मुलांकडे देऊन मालकी स्वतःकडेच ठेवण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नीतिमत्ता कार्यालयाचे संचालक वॉल्टर शॉब यांनी ती अपुरी असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. शॉब याच कार्यालयात साधे वकील म्हणून काम करून वर आलेले आणि २०१३ पासून संचालक असलेले. सांगणे एवढेच त्यांच्या हाती होते. अडवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मुदत संपायला सुमारे सहा महिने असताना, जुलै २०१७ मध्ये, त्यांनी पद सोडले आणि ते एका स्वयंसेवी कायदा संस्थेत गेले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तर पाच वर्षांच्या मुदतीवर नुकतेच आलेले संचालक डेव्हिड ह्युटेमा यांना ट्रम्प यांनी पदावरून दूर केले.

म्हणजे शिखरावर ही व्यवस्था दुबळी पडते. पण यावरून ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. शॉब यांच्या भाषणाच्या दिवशीही त्या देशातील सरकारी विभागांत हजारो मधले आणि कनिष्ठ अधिकारी ‘ही फाइल मी पाहू का?’ असे विचारत होते आणि त्यांना लेखी उत्तर मिळत होते. सर्वोच्च पदावरचा माणूस ऐकत नाही म्हणून खालच्या लाखोंना विचारण्याची सोय नाकारावी, हे तर्काला धरून नाही. आपल्याकडे तर गरज खालच्याच पायरीवर सर्वांत जास्त आहे.

मराठवाड्यात हे काम कोण करू शकेल?

संभाजीनगरच्या खंडपीठात आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या तिथल्या पीठापुढे अपात्रतेची, निलंबनाची आणि विभागीय चौकशीची प्रकरणे चालवणारे वकील आज पुष्कळ आहेत. नियम, निकाल आणि गावची माणसे या तिन्हींची त्यांच्याइतकी ओळख दुसऱ्या कोणाला नाही. फरक इतकाच की, त्यांच्याकडे माणूस नोटीस हातात घेऊन येतो. हेच ज्ञान नोटिशीच्या आधी कामी यायचे असेल, तर प्रत्येक जिल्हा परिषदेत एका सल्लागार वकिलाचे पद हवे. त्याची नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या किंवा अध्यक्षांच्या मर्जीवर नसावी, त्याने ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि ते उत्तर नाव वगळून सर्वांना पाहण्यासाठी ठेवावे. एका तालुक्यातील टँकरच्या प्रश्नाचे उत्तर मग दुसऱ्या तालुक्यात पुन्हा विचारावे लागणार नाही. संभाजीनगरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथल्या आणि लातूर-नांदेडच्या विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी हा नवा पेशा ठरू शकतो. त्यासाठी वर्तणूक नियम, पंचायत कायदा, सहकार कायदा आणि निविदांची कार्यपद्धती यांचा एकत्र अभ्यास लागेल, जो आज कोणत्याही एका विषयपत्रिकेत मिळत नाही. सहकाराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जिल्हा बँकेचा संचालक आणि कर्ज मागणाऱ्या साखर कारखान्याचा संचालक एकाच घरातला असणे आपल्या भागात कोणाला नवलाचे वाटत नाही, आणि त्यावर एक स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

पद निर्माण होईपर्यंत एक मार्ग आजच्या कायद्यातही उपलब्ध आहे, आणि तो फार थोड्या लोकप्रतिनिधींना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेशीर सेवेस पात्र आहेत. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि ‘कायदेशीर सेवा’ यात खटला चालवण्याबरोबर कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही येते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे राज्यातील निम्म्या सरपंच आणि सदस्य तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन, ठराव घेण्यापूर्वी, सल्ल्यासाठी लेखी अर्ज करू शकतात. अर्जात काम कोणते, रक्कम किती, काम घेणाऱ्याशी नाते काय, त्याचे घर आणि धंदा विभक्त आहे की एकत्र, आणि दरपत्रके कशी मागवली, एवढे न लपवता लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

अशा सल्ल्याने अपात्रतेपासून संरक्षण मिळत नाही, कारण तो सल्ला जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात अमेरिकेसारखी संरक्षणाची तरतूद आणायची असेल, तर सर्व वस्तुस्थिती सांगून, नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी सल्ला घेऊन वागलेल्या सदस्याला त्या कृतीपुरते अपात्र ठरवता येणार नाही, असे एक पोटकलम विधिमंडळाने कलम १४ ला जोडावे लागेल. त्याच पोटकलमात ज्याने वस्तुस्थिती लपवली त्याला हे संरक्षण मिळणार नाही, हेही लिहावे लागेल.